‘वॉकिंग टॉल’ (१९७३): प्रेक्षकांची मतं आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेनेसी राज्यातला शेरीफ (म्हणजे निवडून आलेला पोलीसप्रमुख) ब्युफर्ड पसर याच्या आयुष्यावरचा ‘वॉकिंग टॉल’ अमेरिकेच्या दक्षिणेत पन्नास वर्षं डोक्यावर घेतला गेला. बायकोचा खून त्यानंच केला असावा, असा पुरावा ऑगस्ट २०२५ मध्ये बाहेर आला, आणि त्यानंतर या चित्रपटावरची जुनी मतं पुन्हा तपासावी लागतात. मला हा चित्रपट मनापासून आवडत आला आहे, म्हणूनच त्याच्याबद्दल सांभाळून, पण स्पष्ट लिहिणं गरजेचं वाटतं. उत्तरांमध्ये गोष्ट शेवटापर्यंत उघड केलेली आहे, हे आधीच सांगतो.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

कुस्तीचा धंदा सोडून ब्युफर्ड पसर बायको पॉलीन आणि दोन मुलांना घेऊन गावी परततो. वडिलांच्या लाकडाच्या व्यवसायात हात घालायचा आणि शांतपणे राहायचं, एवढाच त्याचा बेत असतो. जुन्या मित्राबरोबर तो ‘लकी स्पॉट’ नावाच्या अड्ड्यावर जातो आणि तिथे फाशांमधली लबाडी पकडतो. अड्ड्यावरची माणसं त्याला बेदम मारतात, सुऱ्यानं चिरतात आणि रस्त्याच्या कडेला टाकून देतात. शेरीफ काहीच करत नाही. बरा झाल्यावर पसर लाकडाचा सोटा हातात घेऊन परत अड्ड्यावर जातो.

मग खटला, निर्दोष सुटका, निवडणूक आणि शेरीफपद. पुढे हातभट्ट्या, जुगार, वेश्याव्यवसाय आणि त्यांच्याकडून पैसे खाणारे पोलीस यांच्याशी झुंज. शेवटी पहाटेच्या रस्त्यावर त्याच्या गाडीवर गोळीबार होतो, पॉलीन मरते, त्याचा जबडा फुटतो. दफनविधीनंतर चेहऱ्यावर प्लास्टर असलेला पसर गाडी थेट अड्ड्यात घुसवतो. मागून आलेले गावकरी जुगाराचं सामान बाहेर ओढून पेटवून देतात.

‘दक्षिणेतला’ म्हणजे नेमका कुठला?

टेनेसीच्या नैर्ऋत्येकडची मॅकनेअरी काउंटी (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग). तिच्या दक्षिण टोकाला मिसिसिपी राज्याची हद्द लागते, आणि त्या हद्दीवर, हायवे ४५ च्या आजूबाजूला, साठच्या दशकात बेकायदा दारूचे आणि जुगाराचे अड्डे होते. एका राज्याचे पोलीस आले की दुसऱ्या राज्यात पाऊल टाकायचं, ही तिथली सोय. हे अड्डे चालवणाऱ्या टोळीला ‘स्टेट लाइन मॉब’ म्हणत. चित्रीकरण शेजारच्या चेस्टर आणि मॅडिसन काउंटीत झालं, त्यामुळे पडद्यावरचे रस्ते, शेतं, लाकडी घरं सगळं त्याच मुलखातलं आहे. तिथले प्रेक्षक या चित्रपटाला ‘आपला’ म्हणतात, त्यात या जमिनीचा मोठा वाटा आहे. हॉलिवूडच्या स्टुडिओत उभारलेली दक्षिण त्यांनी पुष्कळ पाहिली होती.

चित्रपट संपल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत, हे खरं का?

हो, आणि पुढे जाहिरातच त्यावर केली गेली. सुरुवातीला हाणामारीचा चित्रपट म्हणून तो विकायचा प्रयत्न झाला आणि फारसा चालला नाही. मग वितरकांनी मोहीम बदलली. नवरा-बायकोचं प्रेम पुढे आणलं आणि जाहिरातीत विचारलं की एखाद्या चित्रपटासाठी तुम्ही शेवटचं उभं राहून टाळ्या कधी वाजवल्या होत्या? त्यानंतर तो लहान गावांतून, मोकळ्या मैदानातल्या ड्राइव्ह-इन थिएटरांतून महिनोन् महिने चालत राहिला आणि मोठ्या शहरांत बराच उशिरा गाजला.

काळही तसाच होता. १९७३ म्हणजे वॉटरगेटचं, राष्ट्राध्यक्ष निक्सनपर्यंत पोहोचलेल्या घोटाळ्याचं वर्ष. वरपासून खालपर्यंत सगळे विकले गेले आहेत, ही भावना घरोघरी होती. अशा वेळी पडद्यावर एक माणूस येतो, त्याला विकत घेता येत नाही, आणि जाहिरात सांगते की हा माणूस खरोखर आहे, आजही टेनेसीत राहतो. टाळ्यांचं अर्धं कारण त्या ‘खरोखर’मध्ये होतं. पुढची बरीच उत्तरं याच शब्दाशी येऊन थांबतात.

प्रेक्षकांना सर्वात जास्त काय आवडतं?

जो डॉन बेकर. यावर जवळपास सगळ्यांचं एकमत आहे, आणि माझंही. बेकर टेक्सासचा. त्याच्या बोलण्यात दक्षिणी हेल मुद्दाम आणलेला वाटत नाही. भरलेलं अंग, जड चाल, चेहऱ्यावर आधी संकोच आणि मग हळूहळू चढत जाणारा राग. तो देखणा नायक नाही, आणि हीच त्याची ताकद आहे. मार खाताना तो खरंच दुखावलेला दिसतो. आपल्याकडे बऱ्याच जणांनी त्याला नंतरच्या जेम्स बाँडपटांत पाहिलं असेल: १९८७ च्या ‘द लिव्हिंग डेलाइट्स’मध्ये खलनायक म्हणून आणि १९९५ च्या ‘गोल्डनआय’मध्ये सीआयएचा माणूस म्हणून. मे २०२५ मध्ये तो गेला.

दुसरी आवडती गोष्ट म्हणजे कोर्टाचा प्रसंग. पसर स्वतःच स्वतःचा वकील असतो. बोलता बोलता तो शर्ट फाडतो आणि छातीवरचे, पाठीवरचे व्रण ज्युरीला दाखवतो. युक्तिवाद संपतो, कारण ते अंग पाहिल्यावर बोलायला काही उरत नाही. ‘अंगावर काटा आला’ असं याच प्रसंगाबद्दल पुन्हा पुन्हा वाचायला मिळतं. दिग्दर्शक फिल कार्लसननं तो फार साधा घेतला आहे. भ्रष्ट गावांच्या गोष्टी हा त्याचा जुना विषय. १९५५ मध्ये त्यानं अलाबामातल्या अशाच एका शहरावर ‘द फिनिक्स सिटी स्टोरी’ केला होता. प्रेक्षकाला आधी अन्यायात बुडवायचं आणि मग श्वास घ्यायला वर काढायचं, हे गणित त्याच्या हातात मुरलेलं होतं.

आणि काय खटकतं?

दृश्यांची जुळवाजुळव ओबडधोबड आहे, चित्रपट टीव्हीवरच्या मालिकेसारखा दिसतो, अशी तक्रार नेहमीची. टीव्हीवर किंवा जुन्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिलेल्यांना चौकटीच्या वरच्या कडेला आवाजाचा माइक लोंबताना दिसतो, तोही एकापेक्षा जास्त वेळा. थिएटरच्या पडद्यासाठी कापायचा वरचा भाग तिथे तसाच ठेवला गेल्यामुळे हे झालं.

गोष्ट साठच्या दशकातली, पण गाड्या आणि कपडे सत्तरच्या सुरुवातीचे, हे जाणत्या प्रेक्षकांना लगेच कळतं. घरातले प्रसंग काहींना लांबट वाटतात. मला वाटत नाहीत, कारण ते काढले तर उरलेला चित्रपट नुसती हाणामारी होईल. शेवटी जॉनी मॅथिसच्या आवाजातलं गोड गाणं येतं, ते मात्र त्या जळत्या सामानावर शोभत नाही.

मारामारी फार आहे का? मुलांबरोबर पाहावा का?

लहान मुलांबरोबर नको. त्या काळच्या मानानंही तो रक्तबंबाळ होता आणि अमेरिकेत त्याला ‘आर’ प्रमाणपत्र (सतरा वर्षांखालच्यांना मोठ्या माणसाबरोबरच प्रवेश) होतं. मारामारीत नाचाची सफाई नाही. सोटा हाडावर बसतो आणि हाड मोडतं. स्त्रियांना फटक्यांनी मारण्याचा एक प्रसंग आहे, तो आज पाहताना फार त्रास होतो.

समीक्षकांचं आणि प्रेक्षकांचं भांडण कशावरून होतं?

कायदा कायद्यानं राबवायचा की सोट्यानं, यावरून. नायकाला शेरीफचा बिल्ला मिळाल्यावरही त्याची पद्धत बदलत नाही, फक्त तिला सरकारी शिक्का मिळतो. मोठ्या शहरांतल्या काही समीक्षकांना यात हुकूमशाहीचा वास आला. ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाची समीक्षक पॉलीन केलनं १९७४ मध्ये यावर विस्तारानं लिहिलं आणि प्रेक्षकांवरची चित्रपटाची पकड गांभीर्यानं घेतली. लहान गावांतल्या प्रेक्षकांचं उत्तर सोपं होतं: ज्या गावात शेरीफ, न्यायाधीश आणि अड्ड्याची मालकीण एकाच पंगतीला बसतात, तिथे कायद्याचं पुस्तक कोणाला दाखवायचं?

दोन्ही बाजूंत तथ्य आहे असं म्हणून मी मोकळा होणार नाही. मला समीक्षकांची शंका आज जास्त बरोबर वाटते. चित्रपट आपल्याला एका माणसावर डोळे मिटून विश्वास ठेवायला सांगतो. त्याच्यावर नजर ठेवणारं कोणीही गोष्टीत नाही: ना वरिष्ठ, ना कोर्ट, ना वर्तमानपत्र. आणि अशा कुणाची गरज आहे, हे प्रेक्षकालाही जाणवत नाही. आपल्याकडेही १९७३ मध्येच ‘जंजीर’ आला आणि चिडलेला इन्स्पेक्टर लोकांच्या गळ्यातला ताईत झाला. पण तो लेखकांनी कल्पनेतून उभा केलेला होता. पसर जिवंत होता, मतं मागत होता.

कृष्णवर्णीय पात्रांबद्दल काय म्हटलं जातं?

फेल्टन पेरीनं केलेला ओब्रा ईकर हा पसरचा मित्र आणि नंतर त्याचा डेप्युटी. दक्षिणेतल्या गोष्टीत, नागरी हक्कांच्या लढ्याला जेमतेम दहा वर्षं होत असताना, कृष्णवर्णीय माणसाच्या अंगावर पोलिसाचा गणवेश दिसणं ही साधी बाब नव्हती. विषारी दारूचे बळी कृष्णवर्णीय वस्तीतले असतात आणि पसर त्याची दखल घेतो, हेही प्रेक्षकांच्या लक्षात राहिलं आहे. मात्र ओब्राला स्वतःचं घर, स्वतःची काळजी असा एकही प्रसंग धड मिळालेला नाही. पेरी इतका चांगला आहे की ही उणीव जास्तच जाणवते.

यातलं खरं किती?

ब्युफर्ड पसर हा खरा माणूस. जन्म १९३७, उंची ६ फूट ६ इंच, शिकागोत काही काळ कुस्तीगीर. १९६४ ते १९७० मॅकनेअरी काउंटीचा शेरीफ. हद्दीवरच्या ‘प्लांटेशन क्लब’मध्ये त्याला जबर मारहाण झाली होती, ही घटनाही झालेली आहे.

पण मोठे बदलही आहेत. तो शर्ट फाडण्याचा प्रसंग घ्या. खऱ्या खटल्यात पसरचा बचाव अगदी उलटा होता: अड्ड्यावर सूडाचा हल्ला झाला तेव्हा मी तिथे नव्हतोच, शिकागोत होतो. त्यावर तो सुटला. म्हणजे चित्रपटात जी कबुली माणसाला मोठं करते, ती प्रत्यक्षात दिलीच गेली नव्हती. अड्ड्याच्या मालकिणीचं पात्र लुईस हॅथकॉक या बाईवर बेतलेलं आहे. तिला पसरनं फेब्रुवारी १९६६ मध्ये गोळी घालून मारलं, आणि ते स्वसंरक्षण मानलं गेलं. शेवटी गाव एकदिलानं त्याच्या मागे उभं राहतं, हेही तितकं सरळ नाही. सलग तीन मुदतींनंतर नियमानुसार त्याला थांबावं लागलं आणि १९७२ मध्ये तो पुन्हा उभा राहिला, तेव्हा मॅकनेअरीच्या मतदारांनी त्याला पाडलं. चित्रपट तयार होत होता तेव्हाच हे घडलं. देशभरातल्या टाळ्यांपेक्षा हा निकाल मला फार बोलका वाटतो. त्याला सर्वात जवळून पाहणारे मतदार हेच होते.

२०२५ मध्ये नेमकं काय बाहेर आलं?

१२ ऑगस्ट १९६७ च्या पहाटे पॉलीन पसरचा खून झाला. पसरचं सांगणं असं की तक्रारीचा फोन आल्यावर तो न्यू होप रोडकडे निघाला, पॉलीन सोबत आली, दुसऱ्या गाडीतून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, ती मेली आणि त्याचा जबडा उडाला. स्टेट लाइनच्या टोळीवर संशय घेतला गेला, पण कधीही कोणावर खटला चालला नाही. त्या वेळी पॉलीनचं शवविच्छेदनसुद्धा झालं नव्हतं.

टेनेसीच्या राज्य तपास संस्थेनं २०२२ मध्ये जुनी कागदपत्रं पुन्हा उघडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲडम्सव्हिलच्या दफनभूमीतून पॉलीनचा मृतदेह बाहेर काढून शवविच्छेदन केलं गेलं. २९ ऑगस्ट २०२५ रोजी त्या भागाचे सरकारी वकील मार्क डेव्हिडसन यांनी जाहीर केलं की पसर आज हयात असता तर पत्नीच्या खुनाचा आरोप ठेवण्यासाठी हा पुरावा ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या पंचांपुढे, मांडता आला असता.

पुराव्याचा गाभा असा. पॉलीनच्या डोक्याच्या जखमा गाडीच्या आतल्या छायाचित्रांशी जुळत नाहीत. गाडीच्या बॉनेटवर बाहेरून रक्ताचे शिंतोडे आहेत, जे पसरच्या जबानीत बसत नाहीत. ती बहुधा गाडीबाहेर मारली गेली आणि मग आत ठेवली गेली. पसरच्या गालावरची जखम लांबून झाडलेल्या गोळीची नसून अगदी जवळून झालेली, बहुधा स्वतःच करून घेतलेली आहे. आणि पॉलीनच्या नाकाचं हाड मृत्यूच्या आधी कधीतरी मोडून पुन्हा जुळलेलं होतं. त्या काळी आसपास असलेल्या लोकांच्या जबान्याही घरातल्या मारहाणीकडे बोट दाखवतात.

म्हणजे तो खुनी ठरला का?

कोर्टात नाही. तो २१ ऑगस्ट १९७४ रोजी गाडीच्या अपघातात मेला. मेलेल्या माणसावर खटला चालत नाही, त्याला बाजूही मांडता येत नाही. त्याच्यावर प्रेम करणारे बरेच लोक हाच मुद्दा मांडतात, आणि तो मांडण्याचा त्यांना हक्क आहे. पण ‘कोर्टात सिद्ध झालेलं नाही’ आणि ‘काही झालंच नाही’ यांत फार अंतर आहे. हजाराहून जास्त पानांची फाइल आणि नव्यानं झालेलं शवविच्छेदन बाजूला सारून जुनी कथाच खरी धरायची असेल, तर त्यासाठी सरकारी वकिलांनी मांडलेल्या पुराव्याला उत्तर द्यावं लागेल.

चित्रपट बनवणाऱ्यांनी फसवलं असं म्हणायचं का?

माझ्या मते नाही. १९७३ मध्ये अधिकृत कथा तीच होती आणि ती सांगणारा माणूस समोर बसलेला होता. चित्रपटाला दोष द्यायचाच तर वेगळा द्यावा लागेल: त्यानं गोष्ट फक्त पसरच्या तोंडून ऐकली.

पॉलीनची भूमिका कोणी केली? तिच्याबद्दल इतकं कमी का बोललं जातं?

एलिझाबेथ हार्टमननं. १९६५ च्या ‘अ पॅच ऑफ ब्लू’मधल्या अंध मुलीच्या भूमिकेसाठी तिला ऑस्कर नामांकन मिळालं होतं. आवाज हलका, डोळे सतत काहीतरी ओळखून असलेले. या चित्रपटात तिला करायला थोडं आहे: नवऱ्याला बंदूक घेऊ नको म्हणायचं, वाट पाहायची, घाबरायचं, आणि मरायचं. तिचा मृत्यू नायकाच्या सूडाला कारण पुरवतो. प्रेक्षकांच्या मतांतही ती ‘बायको’ म्हणूनच येते, नावानं क्वचित.

खरी पॉलीन ३३ वर्षांची होती. आधीच्या लग्नाची दोन मुलं आणि पसरपासून झालेली मुलगी, अशी तीन लेकरं तिच्यामागे राहिली. पन्नास वर्षं तिचं मरण दुसऱ्याच्या शौर्यकथेतलं एक पान होतं. या चित्रपटावर कुणाशीही बोलताना मी आता तिचं नाव आधी घेतो.

आज पाहताना कुठला प्रसंग वेगळा दिसतो?

गोळीबाराचा. पहाटेचा उजेड, गाडीत दोघं, मागून येणारी गाडी. पूर्वी तिथे श्वास रोखला जायचा. आता बेकरच्या किंकाळीत त्याचा अभिनय दिसतो आणि त्याच वेळी लक्षात येतं की हा सगळा प्रसंग एकाच माणसाच्या जबानीवरून उभा केला आहे, तोही ज्याच्यावर आज संशय आहे अशा माणसाच्या.

दुसरा प्रसंग घरातला, जिथे पॉलीन नवऱ्याच्या हिंसेला घाबरून बोलते. चित्रपटाच्या हिशेबात ती भित्री आहे आणि तो बरोबर आहे. आज ते संवाद ऐकताना हार्टमनकडे बघा. तिच्या चेहऱ्यावरची भीती पटकथेत लिहिली असेल त्याहून मोठी दिसते.

पुढचे भाग पाहण्यासारखे आहेत का?

दुसऱ्या भागात पसर स्वतःच स्वतःची भूमिका करणार होता. ते ठरलं त्याच दिवशी रात्री तो अपघातात गेला. मग बो स्वेन्सननं १९७५ आणि १९७७ चे दोन भाग केले आणि १९८१ मध्ये टीव्ही मालिकाही. स्वेन्सन उंच आहे, मेहनती आहे, पण बेकरचा अवघडलेपणा त्याच्याकडे नाही. दुसरा भाग खुन्यांच्या शोधावर उभा आहे. २०२५ नंतर तो शोध पाहणं फार अवघड जातं. १९७८ चा ब्रायन डेनेहीचा टीव्हीपट फक्त फार आवड असेल तर पाहावा.

२००४ चा ‘द रॉक’वाला चित्रपट याचाच रिमेक का?

हो, नाव आणि सोटा तोच. बाकी बरंच बदललं आहे. गोष्ट टेनेसीतून उचलून वॉशिंग्टन राज्यात नेली आहे, नायकाचं नाव ख्रिस वॉन आहे आणि तो सैन्यातून परतलेला आहे. ‘द रॉक’ म्हणजेच ड्वेन जॉन्सनचा चाहता असाल तर दीड तास बरा जातो. कोर्टात शर्ट वर करून व्रण दाखवण्याचा प्रसंग तिथेही आहे. दोन्ही चित्रपटांतले हे प्रसंग लागोपाठ पाहा. जॉन्सनचं पिळदार शरीर पाहून कौतुक वाटतं. बेकरचं थुलथुलीत, शिवलेलं अंग पाहून माणूस गप्प होतो. १९७३ च्या प्रेक्षकांना काय मिळालं होतं ते तिथे कळतं.